खतातून कुंडीत उगवणारं तण

ड्रममधलं खत घातलं आणि मिरचीच्या कुंडीत लव्हाळा नि हरळी उगवली, मग तण खतात टाकायचंच नाही का, असं विचारलंत. टाकायचं. पण आधी मारून टाकायचं.

घरचा ड्रम लहान, तो कोमटच राहतो. पाला कुजतो, पण तणाच्या बीला आणि लव्हाळ्याच्या मुळाशी असलेल्या गाठींना आत आयती ओल मिळते. बहुतेक बी मरायला ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंश उष्णता काही दिवस टिकावी लागते. त्यासाठी ढीग निदान ३ फूट लांब, तेवढाच रुंद नि उंच हवा. हिरवा पाला, सुका पाला, वर शेणकाला, असे थर द्यायचे. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. कडेचा माल मात्र थंडच असतो, म्हणून दर चार-पाच दिवसांनी कडेचं आत आणि आतलं कडेला, असं तीन-चार वेळा तरी वरखाली करायचं. एवढी जागा नसेल तर तण जातीप्रमाणे वेगळं काढा, कुठल्याचं काय करायचं ते पुढे बघा.

फुलावर न आलेलं कोवळं तण मुळाची माती झटकून सरळ ड्रममध्ये जाऊ द्या. गाजर गवतही फुलाआधी चालतं, हातमोजे घालून उपटा, अंगाला खाज सुटते. फुललेलं नकोच. एका झाडाला हजारो बिया धरतात.

केना आणि घोळ ही चिवट जात. उपटून बांधावर टाकली तरी पाऊस पडला की केना पेराला मुळं फोडतो. फरशीवर किंवा पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवा, मगच खतात. (घोळ वाळवता कशाला, डाळ घालून भाजी करा.)

हरळीच्या मुळ्या मी झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवते, वर दगड. महिनाभराने बोटांनी दाबून बघते. लगदा झाला तर ड्रममध्ये, नाहीतर परत पाण्यात. वास असा सुटतो की शेजारणीने एकदा गटार तुंबलं का म्हणून विचारलं होतं. ते पाणी दहापट पातळ करून झाडांना घालते.

लव्हाळा मात्र खतात टाकतच नाही. पहिल्या वर्षी टाकला आणि वांग्याच्या वाफ्यात तीन पावसाळे खुरपत बसले. पात उपटली की हातात पातच येते, गाठ खालीच राहते. खुरप्याने खोल उकरलंत तर दोऱ्यात ओवल्यासारख्या काळपट गाठी दिसतील, फोडली की आत पांढरी, सुवासिक. पावसाळ्यात काढलेल्या गाठी डब्यात बंद ठेवते आणि एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर पत्र्यावर टाकते. खडखड वाजेपर्यंत वाळल्या की कचऱ्यात.

सध्याचं ड्रममधलं खत फेकू नका. मूठभर खत एका जुन्या ताटलीत पसरा, ओलं ठेवा, पंधरा दिवस बघा. हिरवं काही डोकावलं तर सगळं खत काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ओलंच भरून, तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवा. दोनेक महिन्यांनी पुन्हा ताटलीची परीक्षा. मिरचीच्या कुंडीतली माती मात्र चाळूनच घ्या, गाठी चाळणीवर राहतात.