टेक्सासमध्ये राहणाऱ्या, मूळच्या खानदेशातल्या चोपड्याच्या वाचकाचा प्रश्न: नेमबाजी आणि हरणाच्या शिकारीसाठी आखूड लिव्हर रायफल (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची बंदूक) .३५७ ची घ्यावी की .३०-३० ची? (हे आकडे काडतुसांच्या प्रकारांची नावे आहेत.)

शिकार हाच मुख्य हेतू असेल तर .३०-३० ची मार्लिन ३३६ घ्यावी. वर्षभर लक्ष्यावर सराव आणि क्वचितच शिकार असेल तर .३५७ मॅग्नमची रॉसी ९२ पुरेशी आहे. काडतूस उत्पादकांच्या तक्त्यांनुसार .३०-३० ची गोळी जड असून शंभर यार्डांपलीकडेही हरणासाठी पुरेसा जोर राखते, तर .३५७ त्या अंतराच्या आतच वापरावी. मात्र तिच्यात स्वस्त, कमी धक्क्याचे .३८ स्पेशल काडतूसही चालते, आणि सरावासाठी हा फायदा मोठाच आहे. मार्लिनची रिकामी पुंगळी बाजूने बाहेर पडते, त्यामुळे वर दुर्बीण सहज बसते. दोन्हींत काडतुसे एकामागे एक ठेवणाऱ्या नळीच्या मॅगझिनमुळे एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला (आघाताने पेटणाऱ्या भागाला) टेकते, म्हणून सपाट टोकाच्या किंवा मऊ, लवचिक टोकाच्या खास गोळ्याच भराव्यात; टणक अणकुचीदार गोळीने मॅगझिनच्या नळीतच स्फोट होऊ शकतो. हा सल्ला फक्त तिकडच्या परवान्यापुरता आहे: खानदेशात केळीच्या बागेत शिरलेल्या रानडुकरावरही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ खालील लेखी परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही.