जर्नल सकाळी उघडतं, दुपारी पैसे मागतं

प्रश्न : आमच्या शासकीय महाविद्यालयात जुलैत इंटरनेटची दुसरी लाइन आली. तेव्हापासून ई-जर्नलं सकाळी उघडतात, दुपारी पैसे मागतात. प्रकाशक म्हणतो, 'आमच्याकडून सुरू आहे.' — ग्रंथपाल, इंदूर

उत्तर : प्रकाशक बहुधा खरंच सांगतोय. त्याच्या लेखी तुम्ही म्हणजे एक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तुमची लाइन ओळखणारा क्रमांक. राउटर (आवाराला इंटरनेटशी जोडणारं यंत्र) दोन्ही लाइनींवर भार वाटत असेल, तर तुमची मागणी कधी या लाइनीने जाते, कधी त्या. आणि प्रकाशकाकडे नोंद आहे फक्त जुन्या लाइनीच्या पत्त्याची.

ग्रंथालय, एखादा विभाग आणि वायफाय अशा तीन ठिकाणी ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधा. दिसेल तो पत्ता वेळेसकट लिहून ठेवा, आणि जर्नल अडलं की लगेच पुन्हा बघा. संगणकाच्या सेटिंगमधला १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता कळवू नका. तो आवारातल्या आवारात चालतो, प्रकाशकापर्यंत पोचतच नाही. अर्जात नेमका हाच भरला जातो!

नव्या लाइनीला स्थिर, म्हणजे न बदलणारा, पत्ता आहे का, हे इंटरनेट कंपनीकडून लेखी घ्या. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता दिसला, तर बाहेरचा पत्ता तुम्ही कंपनीच्या इतर गिऱ्हाइकांबरोबर वाटून घेताय. तो नोंदवणं म्हणजे शेजारच्या दुकानालाही जर्नलं उघडून देणं. स्थिर पत्ते घेताना /२९ चा गट मिळाला तर त्यात ८ पत्ते असतात, वापरता येतात ६. लाइनीवर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तो पत्ताही नोंदवा. जुन्या पद्धतीचा आयपीव्ही४ पत्ता बरोबर असूनही दार बंद राहण्याचं ते एक कारण.

बदल कळवताना दोन याद्या करा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या सामाईक वर्गणी योजनेतली जर्नलं (२०२५ ते २०२७, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं) गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्रामार्फत येतात. तुमच्या स्वतःच्या वर्गणीच्या जर्नलांसाठी बदल प्रत्येक प्रकाशकाला वेगळा कळवावा लागतो. नवी नोंद चालू झाल्याची खात्री होईपर्यंत जुनी काढायला सांगू नका.

प्रश्न : एका प्राध्यापकाने अख्खा खंड उतरवून घेतला आणि प्रकाशकाने सगळ्या महाविद्यालयाचा प्रवेश रोखला. एकाची शिक्षा सगळ्यांना का?

उत्तर : कारण आवारातले सगळे एकाच पत्त्याने बाहेर पडतात, दोषी कोण हे प्रकाशकाला दिसत नाही, ते तुम्हालाच शोधावं लागतं. राउटरच्या किंवा प्रॉक्सीच्या (वाचकांची मागणी पुढे पाठवणाऱ्या मधल्या संगणकाच्या) नोंदी ठेवा, घड्याळ बरोबर लावा. प्रकाशक कळवतो ती वेळ कित्येकदा ग्रिनिचची असते. तीत साडेपाच तास मिळवा, नाहीतर भलत्याच माणसाला दटावाल. घरून वाचणाऱ्यांना एकच सामाईक पासवर्ड देऊ नका. प्रत्येकाचं खातं वेगळं हवं आणि नोकरी सोडली, पदवी झाली की त्याच आठवड्यात बंद.

प्रश्न : वर्गणी चालू आहे, तरी एका जर्नलचे जुने अंक उघडत नाहीत.

उत्तर : करारातली वर्षं वाचा. चालू वर्गणीत मागचे सगळे खंड येतातच असं नाही. जर्नलचं नाव बदललं असेल तर जुन्या नावाचा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक) वेगळा असतो, म्हणून प्रकाशकाच्या शीर्षक-यादीत दोन्ही शोधा. शिवाय प्रकाशकाकडून मिळणाऱ्या वापर-अहवालात 'परवाना नाही' या कारणाने परत फिरलेल्या मागण्यांचा तक्ता टीआर_जे२ नावाने मिळतो. पुढच्या वर्षी काय घ्यायचं ते ठरवायला तो विभागप्रमुखांच्या शिफारशींपेक्षा जास्त कामाचा.