मुलाच्या शाळेची फी इन्कम टॅक्समध्ये परत मिळते का? फी वर्षाला ६० हजार, पगार साडेनऊ लाख. मित्र म्हणतो सगळी रक्कम टाक, कोणी बघत नाही.

आधी त्या मित्राचं ऐकणं सोडा. असाच एक मित्र माझ्या नात्यात आहे, त्याच्याकडे येतो.

फी परत मिळत नसते, शाळेत गेली ती गेली. जादा कापलेला टॅक्स तेवढा परत येतो, आणि फीची वजावट (उत्पन्नातून वजा होणारी रक्कम) फक्त जुन्या रिजिममध्ये, म्हणजे जुन्या करपद्धतीत आहे. साडेनऊ लाख पगारावर नव्या रिजिममध्ये २०२५-२६ या आर्थिक वर्षाला टॅक्सच बसत नाही. मग पावत्या कशाला जमवताय? कंपनीने पगारातून आधीच टॅक्स (टीडीएस) कापला असेल तर नुसता रिटर्न भरा.

२०१९ साली मात्र ही नव्या रिजिमची सोय नव्हती. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत नोकरीला, मुलगी पहिलीत. जानेवारीत कंपनीने वजावटीचे प्रूफ मागितले तेव्हा शाळेची ६१,२०० ची पावती दिली. एचआरने लाल पेनाने गोल करून परत पाठवली. म्हणे फोड आणा, कशाचे किती ते वेगळं. बरोबरच होतं त्यांचं. ८०सी, म्हणजे दीड लाखांपर्यंतच्या वजावटीचं कलम, त्यात शाळेच्या फीपैकी फक्त ट्यूशन फी चालते. बस, डेव्हलपमेंट फी, डोनेशन यातलं काही चालत नाही, आणि पावतीवर सगळं एकाच ओळीत होतं.

शाळेच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, सिस्टीममध्ये तसं येत नाही. अर्धी सुट्टी गेली. पुढच्या वेळी अकाउंटंट रजेवर, आणखी अर्धी. तिसऱ्यांदा मी साध्या कागदावर अर्ज लिहून नेला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मागितला. शिक्का बसल्यावर चार दिवसांत लेटरहेडवर फोड आली: ट्यूशन ३८,४००, बस १४,४००, बाकी ८,४००. (हे लक्षात ठेवा, शाळा असो की महानगरपालिका, तोंडी मागितलेलं कोणी देत नाही.) तोवर एचआरची तारीख गेली होती, फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून टॅक्स कापला गेला. मी जुलैत रिटर्न भरताना ३८,४०० दाखवले. पीएफ, एलआयसी आणि घराच्या हप्त्यातलं मुद्दल धरून १,०९,००० झाले होते, म्हणून दीड लाखात जागा होती. तुमचे दीड लाख आधीच भरले असतील तर फीचा उपयोग शून्य. माझ्या ३८,४०० वर २० टक्के आणि वर सेस (टॅक्सवरचा अधिभार), असे ७,९९० रुपये खात्यात आले.

त्याच वर्षी एका बारशाला आमचे साडू सगळ्यांसमोर म्हणाले, "आठ हजारांसाठी तीन अर्ध्या सुट्ट्या? मी बस, क्लास, स्विमिंग, सगळं टाकलं. घरबसल्या आलं." बायका हसल्या, माझी बायकोसुद्धा. आजही कुठे भेटले की "काय, फोड मिळाली का?" असं विचारतात. रिटर्नला पावती जोडावी लागत नाही म्हणून पैसे आले, एवढाच त्याचा अर्थ. क्लासची फी ८०सी मध्ये बसत नाही, हे सिडकोतला कुठलाही सीए सांगेल. नोटीस आली तर फरक, व्याज आणि वर दंड. साडूंना अजून आलेली नाही, हे मान्य. पण म्हणून ते बरोबर ठरत नाहीत, आणि तुमचा मित्रही नाही.

बाकीचं राहिलंच. जुनी रिजिम हवी असेल तर रिटर्न मुदतीच्या आत भरा, उशीर झाला की नवीच लागू होते. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. नर्सरीपासूनची फी चालते, पण शिक्षण पूर्णवेळ आणि भारतात हवं. एका माणसाला दोन मुलांपर्यंत. बायको कमावती असेल तर तिने भरलेली फी ती वेगळी दाखवू शकते. तुमचं शेअर्स वगैरेचं उत्पन्न असेल तर वरचं 'टॅक्स बसत नाही' विसरा, सीएला विचारा.

आणि फी स्वतःच्या खात्यातून भरलेली हवी, आजोबांनी भरलेली आपल्या नावावर दाखवता येत नाही. साडूंच्या थोरल्याची फी सासऱ्यांनी भरली होती, निफाडच्या द्राक्षांच्या पैशातून, चेकने. पावती साडूंनी नेली. आमच्या मुलीच्या वेळी द्राक्षांना भाव नव्हता म्हणे.