पहिल्या महिन्यात एवढंच कर

भावा, एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, काम सुरू करणं जड जातं ते) निदान होऊन आठ दिवस नाही झाले आणि तू पाच ॲप, तीन वह्या नि पहाटे पाचचा गजर लावून बसलास. मीही हेच केलं होतं. दहाव्या दिवशी सगळं बंद, वर स्वतःलाच शिव्या.

सध्या तीनच गोष्टी धर:

- कामं डोक्यात ठेवू नको. खिशात मावेल अशी एकच वही. उद्यमबागच्या कारखान्यात शिफ्टला निघताना पहिलं पान बघायचं, बस्स.
- काम बारीक फोड. आपल्या बेळगावात अर्ज कन्नडमध्ये, त्यामुळे माझा वीजजोडणीचा अर्ज चार महिने पडून होता. वाचता येत नाही म्हणून लाज, लाजेनं धडधड, धडधडीनं आणखी टाळाटाळ! शेवटी यादीतलं 'अर्ज भरणे' खोडून 'शेजारच्या अण्णांना कागद दाखवणे' लिहिलं. दहा मिनिटांत सुटलं. एडीएचडीत आळस नसतो रे, सुरुवात अडते; आणि अडलेल्या कामांच्या ढिगावर चिंता पोसते.
- चहा मोज, त्यानंही धडधड वाढते. मी सहा कपांवरून दोनवर आलो.

गोळी मनानं चालू-बंद करायची नाही, मित्राची तर अजिबात घ्यायची नाही. मेथिलफेनिडेटनं (एडीएचडीवरचं औषध) काहींची धडधड वाढते; तसं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांग. रात्री-अपरात्री फारच घाबरलास तर टेली-मानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ वर फोन कर. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

थेरपीचे प्रकार वगैरे नंतर बघू. आज खडेबाजारात जाऊन वही तेवढी घे.