बायबलमध्ये कोरह हा मोशे आणि अहरोन या इस्राएलच्या पुढाऱ्यांविरुद्ध बंड करतो. त्या बंडात सगळ्यांनाच शिक्षा झाली का?
नाही. आणि हाच प्रश्न गणना (बायबलचं एक पुस्तक) १६:२२ मध्ये मोशे-अहरोन पालथे पडून देवाला विचारतात: पाप एकाचं, मग कोप साऱ्या मंडळीवर का? त्यावर लोकांना बंडखोरांच्या तंबूंपासून दूर व्हायला सांगितलं जातं. कोरहाचे साथीदार दाथान-अबीराम मात्र बायकामुलांसह दारात उभे राहतात आणि जमीन त्यांना गिळते. बंडात सामील झालेले, धुपाटणी घेतलेले २५० जण आगीत जातात. दुसऱ्या दिवशी लोकांची कुरकुर सुरू झाल्यावर मरीने आणखी १४,७०० मरतात.

खरी मेख गणना २६:११ मध्ये आहे: कोरहाचे मुलगे मेले नाहीत! स्तोत्र ४२ च्या मथळ्यात कोरहाच्याच मुलांचं, म्हणजे वंशजांचं, नाव आहे. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं २४:१६ (बापापायी मुलाला मारू नये) इथे लावू नका. तो माणसांनी करायच्या न्यायाचा नियम आहे.