पत्नीच्या व्हिसाची मुलाखत : आधी नावांचा मेळ घाला

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. माहेर वडूजचे, यजमान अमेरिकेचे नागरिक, लग्नाला एक वर्ष दहा महिने झालेले आणि पुढच्या महिन्यात मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत, असे तुम्ही लिहिले आहे. ठरवून झालेले लग्न, त्याआधीची जेमतेम पंधरा दिवसांची ओळख आणि इंग्रजी बोलण्याचा नसलेला सराव, या तीन गोष्टींची तुम्हाला धास्ती वाटते. मी कराडची, याच सीआर-१ व्हिसावर, म्हणजे लग्नाला दोन वर्षे न झालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, अमेरिकेत आले. माझे मत असे आहे की या तिन्हींपेक्षा, तुम्ही शेवटच्या ओळीत ओझरता उल्लेख केलेली गोष्ट, म्हणजे जन्मदाखल्यावर असलेले आईचे वेगळे नाव, हीच अधिक लक्ष देण्याजोगी आहे.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे थोरल्या मुलीची जन्मनोंद पुष्कळदा आजोळच्या ग्रामपंचायतीत सापडते. माझी नोंद तासगाव तालुक्यात, आईच्या गावी आहे. ती करताना आजोबांनी आपल्या लेकीचे माहेरचे नाव सांगितले, हौसाबाई. लग्नात सासरी तिचे नाव मंगल ठेवले गेले होते, आणि माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे तेच लागले. व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, म्हणजे डीएस-२६०, भरताना मीही मंगल हेच नाव लिहिले. दाखल्यावर दुसरे नाव आहे याकडे माझे लक्ष गेले नाही. मुलाखतीत काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी दाखला आणि त्याचे भाषांतर शेजारी शेजारी ठेवून त्या नावावर पेनाचे टोक टेकवले आणि विचारले, ‘‘ही कोण?’’ लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली पद्धत मी समजावून सांगितली, त्यांनी ती शांतपणे ऐकूनही घेतली, परंतु माझ्याजवळ त्याचा एकही कागद नव्हता. अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२१(जी) ची चिठ्ठी घेऊन मी बाहेर पडले. ही चिठ्ठी म्हणजे कायमचा नकार नव्हे. मागितलेला कागद येईपर्यंत अर्ज थांबवून ठेवला जातो आणि तो कागद एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. आईचा माहेरच्या शाळेतील दाखला, आणि दोन्ही नावांची स्त्री एकच असल्याचे मामांचे व वडिलांचे प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर पुढे काम झाले. मधले पाच आठवडे मात्र घरात कोणालाही नीट झोप लागली नाही, म्हणून हे इतक्या विस्ताराने लिहीत आहे.

तुमच्या हातात अजून महिना आहे. आईला जन्मापासून ओळखणाऱ्या थोरल्या माणसांपैकी दोघांची प्रतिज्ञापत्रे आत्ताच करून घ्या आणि त्यांत दोन्ही नावे दाखल्यांवर आहेत त्याच अक्षरांत येऊ द्या. तुमचे स्वतःचेही लग्नात नाव बदलले असेल, तर अर्जातील ‘वापरलेली अन्य नावे’ या रकान्यात ते आले आहे का ते पाहा. राहिले असेल तर मुलाखतीच्या सुरुवातीलाच स्वतःहून सांगा. पासपोर्ट माहेरच्या नावावर असला तरी अडत नाही, व्हिसा पासपोर्टवरील नावानेच मिळतो. जो दाखला केवळ मराठीत आहे त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत हवे, आणि भाषांतर अचूक असल्याचे व आपणास दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन त्यावर हवे. ऑनलाइन चढवलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत बरोबर न्या.

ठरवून झालेल्या लग्नाबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. मुंबईच्या दूतावासात बसणाऱ्यांना स्थळ, पत्रिका, साखरपुडा यांची माहिती असते. नाते व्हिसापुरते जोडलेले नाही ना, एवढेच त्यांना तपासायचे असते. स्थळ कोणी आणले, पहिली भेट कोणाच्या घरी झाली, यजमान काय काम करतात, लग्नानंतर ते किती दिवस राहिले आणि पुन्हा कधी आले, असे साधे प्रश्न येतात. उत्तरे पाठ करू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलीने यजमानांशी फोनवर रोज तालीम केली, आणि ऐन वेळी साधी तारीख विचारल्यावर ती गोंधळली. जे आठवत नाही ते आठवत नाही असे सांगितलेले चालते. जुळवून सांगितलेले मात्र लगेच उघडे पडते.

नाते खरे असल्याचा पुरावा म्हणून स्टेजवरच्या शंभर फोटोंपेक्षा वेगवेगळ्या दिवसांचे वीस फोटो अधिक उपयोगी पडतात. माझ्या फोटोंत अधिकारी बाई ज्यापाशी थांबल्या तो जेजुरीचा होता : यजमान मला उचलून पायऱ्या चढत आहेत, मळवट भंडाऱ्याने पिवळा झालेला, आणि मागे माझी नणंद चपला हातात धरून उभी. प्रत्येक फोटोच्या मागे तारीख, गाव आणि दिसणाऱ्यांचे नाते पेन्सिलीने लिहून ठेवा. त्यासोबत लग्नपत्रिका, यजमानांच्या येण्याजाण्याची तिकिटे, पाठवलेल्या पैशांच्या बँकेतील नोंदी आणि दर महिन्याचे थोडे थोडे संभाषण एवढे पुरे.

भाषेची चिंता तर सोडूनच द्या. मी सुरुवातीलाच मराठीतून बोलायचे आहे असे सांगितले आणि दुभाष्याच्या मदतीने मुलाखत पार पडली.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते. वैद्यकीय तपासणी सातारा किंवा सांगलीच्या डॉक्टरांकडून चालत नाही. दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, मुलाखतीच्या काही दिवस आधी, लसीकरणाच्या नोंदी घेऊन जावे लागते. यजमानांनी आय-८६४, म्हणजे तुमच्या खर्चाची हमी देणारा अर्ज, भरल्यानंतर नोकरी बदलली असेल तर नव्या पगाराच्या पावत्या मागवून घ्या. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा तो बाहेर सांभाळायला घरचे कोणीतरी सोबत असू द्या.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त मिळते, आणि त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ती अट काढण्यासाठी आय-७५१ हा अर्ज नव्याने करावा लागतो. दोन वर्षे उलटल्यावर प्रवेश केला तर ही अट लागत नाही, कार्ड १० वर्षांचे मिळते. तुमच्या बाबतीत मुलाखत आणि लग्नाचा दुसरा वाढदिवस यांत काही आठवड्यांचेच अंतर आहे, आणि व्हिसाची मुदत वैद्यकीय तपासणीवर अवलंबून साधारण सहा महिन्यांपर्यंत असते. तेव्हा व्हिसावरील अखेरची तारीख पाहून तिकीट लग्नाच्या वाढदिवसानंतरचे काढा. पासपोर्टवर सीआर-१ छापलेले असले तरी विवाहनोंदणीचा दाखला हातातल्या पिशवीत वरच ठेवा, आणि विमानतळावरील अधिकाऱ्यांनी शिक्का मारण्याआधी त्यांना तारीख दाखवून आयआर-१, म्हणजे अट नसलेल्या जोडीदाराच्या प्रवर्गात, नोंद करण्याची विनंती करा.