कुष्ठरोगाचे आकडे वाचताना

कुष्ठरोगाचे आकडे हाती घेतलेस, छान केलंस. आधी एक पक्कं कर: प्रिव्हॅलन्स म्हणजे आज उपचाराखाली असलेले सगळे रुग्ण, इन्सिडन्स म्हणजे वर्षभरात नव्याने आजारी पडलेले. यांची सरमिसळ होऊ देऊ नकोस.

२००५ च्या अखेरीस देशाचा प्रिव्हॅलन्स दहा हजारी एकाच्या खाली आला आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन जाहीर झालं; रोग संपला असं नव्हे. बहुविध औषधोपचाराने, म्हणजे अनेक औषधं एकत्र देऊन, असंख्य रुग्ण बरे झाले, हे मोठंच काम. पण २००५ च्या आधीच जास्त जंतू असलेल्यांचा या औषधांचा कोर्सही २४ महिन्यांवरून १२ वर आला होता. असे नवे रुग्ण तितकेच सापडत राहिले, तरी नोंदवहीतली त्यांची संख्या निम्म्यावर येते!

म्हणून नव्या रुग्णांचा लाखामागचा दर शेजारी मांड. तोही शोधमोहिमेगणिक हलतो. २०२० मध्ये कोविडमुळे घरोघरची तपासणी रोडावली, तसा तो कोसळला. माझा खरा भरवसा दोन आकड्यांवर: नव्या रुग्णांत मुलं किती आणि दिसणारी विकृती किती. मुलं असतील तर संसर्ग चालू आहे. विकृती असेल तर आपण उशिरा पोचलो. आणि राज्याच्या सरासरीवर थांबू नकोस, गडचिरोली, चंद्रपूर वेगळे काढून बघ.